हाफ क्लच

आमची गाडी बोलायला लागली ती निपाणीच्या बसस्टँडसमोर, भर गर्दीत. क्लच दाबला की घर्रर्र, सोडला की गप्प. मला वाटलं, आवाज पुढच्या ट्रॅक्टरचा. ट्रॅक्टर वळून गेला, आवाज आमच्याकडेच राहिला. सौभाग्यवतींनी काचा वर केल्या आणि रेडिओ मोठा केला. वाहनदुरुस्तीत त्यांचा हा पहिला उपाय असतो.

नाक्यावरच्या मिस्त्रीनं बॉनेट न उघडताच निकाल दिला. "दाबल्यावर वराडतंय, सोडल्यावर गप. म्हंजे बेअरिंग. उलटं असतं तर गिअरबॉक्स म्हटलो असतो. नशीब काढलंसा." मी पाना आणायला सांगितला, तर त्यानं हात पुसले. "वॉरंटी हाय न्हवं? मग मी हात लावत न्हाई. मी हात लावला की कंपनी हात वर करणार."

वॉरंटीचं वर्कशॉप कोल्हापुरातही आहे आणि बेळगावातही. निपाणीहून कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर, बेळगाव जवळपास दुप्पट. म्हणजे भूगोल कोल्हापूरच्या बाजूचा आणि माझी सासुरवाडी बेळगावच्या बाजूची. आमच्या भागात भूगोल जिंकल्याचं १९५६ पासून कुणी पाहिलेलं नाही. गाडी बेळगावला न्यायचं ठरलं.

गाडीबद्दल एक सांगायला हवं. आमच्या घरात नक्की कुठल्या राज्याचं कोण, हे फक्त तिलाच ठाऊक आहे, कारण तिच्या कपाळावर केए २३ लिहिलेलं आहे. कोल्हापुरात पार्किंगवाला पोरगा पाटी बघतो आणि आमच्याशी हिंदी बोलतो. बेंगळुरूला गेलो, तर तिथला पोरगा पाटी बघून कन्नड सुरू करतो आणि आमचं कन्नड ऐकून हिंदीवर येतो. सीमावाद तापला की दोन्हीकडच्या बसगाड्या बंद होतात, तशा डिसेंबर २०२२ मध्येही झाल्या होत्या. तेव्हा पाव्हण्यांच्या लग्नाला कागलला निघालो, तर गल्लीतल्या तिघांनी पाटीवर चिखल लावून जायचा सल्ला दिला. चौथ्यानं चिखल कुठला लावायचा ते विचारलं, दूधगंगेचा की वेदगंगेचा.

निपाणी सोडली की तवंदीचा घाट लागतो. हंगाम उसाचा. आमच्या पुढं एक ट्रॅक्टर, त्याला दोन ट्रॉल्या, ट्रॉल्यांवर दोन मजली ऊस आणि ड्रायव्हरच्या डोक्यामागं कर्णा. कर्ण्यातलं गाणं संपून पुन्हा सुरू झालं तरी ट्रॅक्टर त्याच वळणावर. थांबावं तर गाडी मागं येते, जावं तर समोर ऊस. अशा वेळी ड्रायव्हर जे करतो ते मी केलं. डावा पाय ना वर, ना खाली. हाफ क्लच.

हाफ क्लचमध्ये नेमकं काय होतं ते मला दोन दिवसांनी कळलं, पण आत्ताच सांगून टाकतो. इंजिनाच्या बाजूला फ्लायव्हील, मागं प्रेशर प्लेट आणि दोघांच्या मध्ये पोळीएवढी क्लच प्लेट. पेडल सोडलं की दोघं तिला घट्ट धरतात आणि तिघं एकजुटीनं फिरतात. पेडल दाबलं की बेअरिंग पुढं सरकून स्प्रिंगला ढकलतं आणि पकड सुटते. अर्धवट ठेवलं, तर दोन्हीकडचे तिला धरतातही आणि सोडतातही, मग ती मध्येच घासत बसते. ना इकडची, ना तिकडची, आणि झिजते मात्र तीच. (सीमाभागातल्या वाचकांना हे वाक्य दोनदा वाचायची गरज नाही.)

वळणावर जळका वास आला. निपाणीच्या माणसाला कसलाही जळका वास आला की आधी तंबाखू आठवतो. मी ट्रॅक्टरवाल्याच्या विडीला दोष दिला.

संकेश्वरला मिरची घ्यायला थांबलो नाही. इंजिन बंद केलं तर परत सुरू होईल याची खात्री नव्हती. सौभाग्यवतींनी हा अन्याय डायरीत नोंदवावा तसा तोंडावर नोंदवला. पुढं हत्तरगीचा टोल, मग चन्नम्मा राणीचं माहेर काकती, आणि बेळगाव. या शहराचं सरकारी नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी झालं, पण माहेरचं नाव कुणी बदलू शकत नाही, असं आमच्या घरचं मत आहे.

वर्कशॉप इतकं चकचकीत की गाडी बाहेर काढून पाय पुसून आत न्यावी. ॲडव्हायझर तरतरीत पोरगा. फोनवर कन्नड, माझ्याशी मराठी, कॉम्प्युटरशी इंग्रजी. "आवाज कसला येऊलालाय सर?" मी म्हटलं घरघर. सौभाग्यवती म्हणाल्या, करकर. शेजारचा म्हातारा मेकॅनिक कान देऊन म्हणाला, "सप्पळ बरतैती." पोरानं तिघांचं ऐकलं आणि जॉब कार्डवर लिहिलं, 'नॉईज'. इतक्या रसरशीत आवाजाचं असं भरीत!

"गिअरबॉक्स उतरवायला लागतंय. उद्या या."

दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर सासरेही आले. अण्णांनी उद्यमबागेतल्या कारखान्यात तीस वर्षं लेथ चालवलेलं. खिशात पेनाच्या जागी व्हर्निअर. वॉरंटीचं पुस्तक वाचायला त्यांनी चष्मासुद्धा आणला नव्हता. "कागदाचं काय बघायचं? लोखंड बघूया की."

म्हातारा मेकॅनिक प्लेट घेऊन आला. "गिअरबॉक्स उतरवलो, प्लेट बघितलो. रिबिटाला लागलीय ओ सर. तुम्ही क्लचवर पाय ठेवून चालवालाय."

"मी? कधीच नाही."

"ठेवतात!" सौभाग्यवती. "पाळण्यावर ठेवावा तसा ठेवतात."

ॲडव्हायझरनं लगेच पुस्तकातलं पान काढलं. क्लच प्लेट वापरानं झिजणारा माल, तिला वॉरंटी नाही. एवढ्यात अण्णांनी बेअरिंग उचललं, नारळ वाजवून बघावा तसं कानाशी धरलं आणि दोन बोटांनी फिरवलं. सगळं वर्कशॉप ऐकत होतं. "ग्रीस सुकलंय. सील धड बसलेलं नाही. हे जावयाच्या पायाचं पाप नव्हे, कारखान्याचं आहे."

फोटो निघाले आणि कंपनीकडं गेले. संध्याकाळी निकाल आला. बेअरिंग कंपनीचं. प्लेट आणि प्रेशर प्लेट माझी. इथवर कुणाची तक्रार नव्हती. पण गिअरबॉक्स उतरवायची मजुरी कुणाची? बिलातला खरा आकडा तोच. बेअरिंगसाठी उतरवला म्हणावं तर कंपनीची, प्लेटसाठी म्हणावं तर माझी, आणि उतरवला होता एकदाच.

अण्णा खुर्चीत सरसावून बसले. आमच्या भागातल्या माणसाला हा आकृतिबंध पाठ असतो. सीमावादावर १९६६ मध्ये महाजन आयोग नेमला, पुढल्या वर्षी अहवाल आला. निपाणी-खानापूर महाराष्ट्राला द्यावं, बेळगाव मात्र म्हैसूरकडंच ठेवावं, असं म्हणाला. महाराष्ट्रानं तो फेटाळला आणि २००४ पासून दावा सुप्रीम कोर्टात आहे. कडेचं वाटून घेता येतं हो. मधलं, एकच असलेलं, दोघांनाही हवं असलेलं काय करायचं? आमच्या प्रकरणात तर उलटं होतं, मधलं दोघांनाही नको होतं. तरी भांडण तेवढंच चाललं.

"बेअरिंग गेलं होतं की नव्हतं?" अण्णा.

"गेलं होतं अंकल."

"ते बदलायला गिअरबॉक्स उतरवायलाच लागला असता?"

"लागला असता."

"मग उतरवलास ते बेअरिंगसाठी. प्लेट तुला वाटेत सापडली."

ॲडव्हायझर आत गेला, मॅनेजरशी कन्नडमध्ये बराच वेळ बोलला. अण्णा दाराकडं कान लावून आम्हाला भाषांतर देत होते आणि त्यात स्वतःची दोन वाक्यं घालत होते. पोरगा बाहेर आला. मजुरी कंपनीची.

अण्णा काहीच बोलले नाहीत. आयुष्यात पहिल्यांदाच एखादा निकाल त्यांच्या बाजूनं लागला होता, त्यामुळं पुढं काय करायचं असतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. शेवटी त्यांनी म्हाताऱ्या मेकॅनिकचा हात हातात घेतला आणि सगळ्या वर्कशॉपला पुरेल एवढा कुंदा आणवला. मजुरीतले वाचलेले पैसे बरेचसे त्यात गेले. ते अर्थातच माझे होते.

जुन्या सुट्या भागांचीही वाटणी झाली. वॉरंटीचं बेअरिंग चिठ्ठी बांधून कंपनीकडं परत जायचं होतं. अण्णांनी ते शेवटचं एकदा कानाशी धरून बघितलं. झिजलेली प्लेट मात्र माझी. ती पेपरात गुंडाळून अण्णांच्याच हवाली केली. तिच्यावर ते तुळशीची कुंडी ठेवणार आहेत.

परत निघालो. गाडी इतकी गप्प की आम्हालाच बोलावं लागलं. सौभाग्यवती समोरच्या रस्त्याकडं बघत नव्हत्या, माझ्या डाव्या पायाकडं बघत होत्या. काकतीपासून त्यांनी एकच शब्द धरला होता. हत्तरगीच्या टोलवर फास्टॅग लागेना. पोरगा हातातलं मशीन घेऊन पुढच्या चाकापाशी आला. मी गाडी जरा पुढं घ्यावी म्हणून क्लच दाबला.

"पाय!" सौभाग्यवती ओरडल्या.

पोरानं दचकून आपला पाय मागं घेतला.