नातेवाईक धूसर करण्याची शास्त्रोक्त पद्धत

घरच्या लग्नात कोण स्पष्ट दिसावं आणि कोण नाही, हे कॅमेरा ज्याच्या गळ्यात असतो तोच ठरवतो. वडीलधाऱ्यांना हे कळू देऊ नये.

५० मिलिमीटरची एफ १.८ लेन्स पुरे. आकडा लहान तेवढं ॲपर्चर मोठं. असं उलटं का, हे काका विचारणारच. त्यांना भागाकार सांगावा: ५० भागिले १.८, म्हणजे सुमारे २८ मिलिमीटर, जवळजवळ दहाच्या नाण्याएवढं भोक. काका गप्प होतात. भागाकाराचा आपल्याकडे अजून धाक आहे.

फुल फ्रेम कॅमेरा घेऊन नवरीपासून दीड मीटरवर उभं राहावं. एफ १.८ ला इथे जेमतेम १० सेंटिमीटरची पट्टी फोकसमध्ये राहते. डोळ्यावर फोकस धरला की नथ, मुंडावळ्या लख्ख. अंबाड्यावरचा गजरा विरघळू लागतो. त्यामागची पाण्याची निळी पिंपं, आहेराच्या पिशव्या आणि बांधावरून ज्यांच्याशी कोर्टात तारखा चालू आहेत ते चुलतकाका, सगळे रंगाचे डाग होतात. नवरदेवाला मात्र नवरीच्या बरोबरीने उभं करावं. वीतभर मागे सरकला तर अक्षता पडण्याआधीच अंधुक होतो.

ग्रुप फोटोत ही चैन चालत नाही. मागच्या रांगेतली आत्या धुरकट आली तर ‘मुद्दाम केलं’ हे पुढच्या तीन लग्नांत ऐकावं लागतं. एफ ८ लावून पाच मीटरवरच्या रांगेवर फोकस करावा. साधारण साडेतीन ते साडेनऊ मीटरपर्यंतचे सगळे शाबूत येतात. मात्र उजेड विसाव्या हिश्शावर येतो, कार्यालयातल्या ट्यूबलाइटवर भरवसा ठेवू नये, फ्लॅश काढावा. कोणीच दुखावू नये म्हणून एफ २२ पर्यंत गेल्यास विवर्तनामुळे सगळेच थोडे मऊ दिसतात. काही आत्यांना ते आवडतं, हा भाग वेगळा.

१९३२ साली सॅन फ्रान्सिस्को परिसरात ॲन्सेल ॲडम्स, एडवर्ड वेस्टन प्रभृतींनी ‘एफ ६४’ नावाचा गटच काढला होता. चित्रात सगळं रेखीव हवं, हा त्यांचा बाणा. पण ते काढायचे डोंगर आणि ढोबळी मिरची. मिरची मानपानावरून रुसत नाही.

मोबाइलवाल्या भाच्याला अडवू नये. पोर्ट्रेट मोड मागचं-पुढचं अंदाजाने ठरवतो आणि फेट्याचा तुरा पार्श्वभूमी समजून पुसून टाकतो. वरमाई तक्रार घेऊन आल्या की त्यांना भाच्याकडे पाठवावं.