पेशकारांचा जलनिवास

(स्थळ : जालना जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरील शहागड, गोदावरीचा काठ. काळ : २०२५ च्या महापुरानंतरचा कार्तिक. पात्रे तीन. पहिले एक निवृत्त पेशकार. यांनी तहसिलीत बसून आयुष्यभर इतरांच्या घरादारांच्या नोंदी निर्विकारपणे केल्या आणि निवृत्त होताच स्वतःचे वडिलोपार्जित घर वाटणीच्या दाव्यात अडकल्याचे पाहून विलक्षण विकारवश झाले. दुसरा एक वृद्ध नावाडी. त्याचे उतारू पुलाने केव्हाच नेले, आता एक मासेमारीची होडी व मुबलक मते एवढीच त्याची मिळकत. तिसरा जायकवाडीच्या डाव्या कालव्यावरचा पाटकरी. हा पाण्यापेक्षा पाण्याच्या तक्रारींनी अधिक भिजलेला असतो.)

पेशकार : ज्या जमिनीच्या वीतभर तुकड्यालाही सातबारा, फेरफार, वारस आणि वकील अशी चार शुक्लकाष्ठे जन्मजात चिकटलेली असतात, त्या जमिनीवर उरलेले आयुष्य कंठण्यापेक्षा, एक प्रशस्त होडी बांधून, तीवर दोन खोल्या उभारून, पाण्यावरच संसार थाटावा, असा निश्चय मी पुरत्या विचारांती केला आहे. विलायतेत हजारो कुटुंबे कालव्यांतून अरुंद, लांबट होड्यांत बारमाही राहतात. प्रश्न इतकाच, की हा जलनिवास नदीत असावा की कालव्यात. आणि पूर आला असता या दोहोंपैकी कोणाची वर्तणूक अधिक सभ्य, याविषयी तुम्हा दोघांची जबानी घ्यावी म्हणून मी आलो आहे.

नावाडी : जबानी कशाला साहेब? सरळ सांगतो, कालव्यात राहा.

पाटकरी : नदीत राहा साहेब. मामांचं ऐकू नका.

पेशकार : चमत्कारिकच म्हणायचे! एकाच जिनसेवर दोघांनी मालकी सांगावी, असे तंटे माझ्यासमोर नित्य येत. परंतु आपापली मालमत्ता शेजाऱ्याच्या गळ्यात बांधण्यासाठी दोन माणसे हातघाईवर आलेली मी आजच पाहतो आहे. नावाडीबुवा, जिच्या अंगाखांद्यावर तुमच्या पिढ्या वाढल्या त्या गंगेविषयी इतका अविश्वास का?

नावाडी : अविश्वास नाही, ओळख आहे. गंगेला पूर येतो तो आपल्या आभाळातून येत नाही. इथं ऊन पडलेलं असतं, बाया वाळवणं घालीत असतात, आणि तिकडं नाशकात, नगरात धरणं भरलेली असतात. ते पाणी पैठणला जायकवाडीच्या नाथसागरात येतं, आणि नाथसागर भरला की सत्तावीस दरवाजे आहेतच. २००६ सालच्या ऑगस्टात सेकंदाला अडीच लाख घनफूट सोडलं होतं. परवाच्या सप्टेंबरात तर आकडा तीन लाखांच्या घरात गेला. तेवढं पाणी आलं की नदी पात्रात राहत नाही साहेब, ती गावात राहायला येते.

पेशकार : येईना! होडीचा धर्मच मुळी तरंगण्याचा. घर बुडते ते जागचे हलत नाही म्हणून. पाणी वीस फूट चढले तर माझा संसार वीस फूट उन्नत होईल, आणि ज्या भाऊबंदांनी मला घराबाहेर काढले त्यांच्या माळवदाशी समपातळीवर येऊन मी त्यांचे क्षेमकुशल विचारू शकेन. २०१४ च्या सप्टेंबरात झेलमेला पूर आला तेव्हा श्रीनगरात बंगल्यांचे खालचे मजले बुडाले आणि पुष्कळ माणसांना हाऊसबोटींनीच आसरा दिला, ही गोष्ट सर्वश्रुत आहे.

नावाडी : चढताना मजा आहे. पण होडी बांधायची कशाला?

पेशकार : दोराने, काठावरच्या खुंट्याला.

नावाडी : दोर आखूड ठेवला तर पाणी चढेल तसा तो ताणतो, होडी वर येऊ पाहते, दोर तिला खाली ओढतो, शेवटी एका अंगानं पाणी पीत ती बसते. दोर लांब ठेवला तर धारेत जाते आणि बाभळीवर आपटते. म्हणून पुराच्या रात्री झोपायचं नाही. हात दोराला लावून बसायचं, पाणी बोटभर चढलं की बोटभर सोडायचं. आणि खुंटा काठावरचा म्हणता, पण काठ कुठं आहे? खुंटाच पाण्याखाली गेलेला. मग धारेतून कडब्याच्या गंजी येतात, मुळासकट झाडं येतात, मेलेली जनावरं येतात. जिवंत साप येतात ते वेगळे. त्यांनाही कोरडी जागा हवीच असते, आणि साऱ्या गंगेत कोरडी जागा एकच, तुमची होडी.

पेशकार : अतिथी देवो भव.

नावाडी : आणि सगळ्यांत वाईट म्हणजे उतरणं. पूर चढतो तेव्हा माणूस जागा असतो, उतरतो तेव्हा दमून झोपलेला असतो. सकाळी उठावं तर नदी अर्ध्या कोसावर आणि होडी कुणाच्या तरी उसात. मग ती काढायला तो शेतकरी नुकसानभरपाई मागतो.

पाटकरी : हे एवढं सोडलं तर नदी चांगली आहे साहेब.

पेशकार : तू थांब. तुझी जबानी यायची आहे. कालव्याचे तत्त्व मला तर फार मोहक वाटते. त्याला उगमी दरवाजा, अंगाला अस्तर, ठिकठिकाणी पातळी मोजण्याची पट्टी. थोडक्यात, नदीला जर कोणी सरकारी नोकरीत घेऊन सेवापुस्तक दिले असते तर ती कालवा झाली असती. दोनशे आठ किलोमीटर लांबीचा हा डावा कालवा पैठणहून निघून आपल्या अंबड, घनसावंगी, परतूर तालुक्यांतून परभणीकडे जातो. आणि त्याच्या मुखाशी वहनक्षमता ३६०० घनफुटांची, म्हणजे नावाडीबुवांच्या अडीच लाखांचा जेमतेम सत्तरावा हिस्सा. इतक्या मर्यादशील जलप्रवाहाला पूर येणारच कसा?

पाटकरी : येत नाही. कालव्याला पूर येत नाही साहेब, पाळी येते. रब्बीत एक आवर्तन, मग दुसरं, उन्हाळ्यात धरणात असेल तर आणखी. आवर्तन बंद झालं की कालवा कोरडा. तुमची होडी तळाच्या गाळावर बसणार, एका कुशीवर कलंडून, आणि पोरं तिच्यावरून घसरगुंडी खेळणार. ऐन पावसाळ्यात गंगेला तीन लाख असताना आमच्या कालव्यात बेडूक असतात. तुम्ही पुराची भीती विचारता. कालव्यात भीती आहे ती पाणी निघून जाण्याची.

पेशकार : ती तर नियोजित अनुपस्थिती झाली. किरकोळ रजेसारखी.

पाटकरी : बिनपगारी. पण पाणी असतानाही निघून जातं, ते ऐका. वरच्या अंगाचे नाले, ओढे कालव्याला आडवे येतात. त्यांच्यासाठी कालव्याखालून मोऱ्या ठेवल्यात. ढगफुटीसारखा पाऊस झाला की नाल्यातून झुडपं, पालापाचोळा येतो, मोरीचं तोंड बुजतं, पाणी कालव्याच्या भरावाला तुंबतं. मग एक तर ते कालव्यात उडी मारतं, नाही तर भराव पोखरून पलीकडं निघतं. एकदा भगदाड पडलं की दोन्ही बाजूंचं पाणी त्या भोकाकडं धावतं. नदीत पूर तुम्हाला उचलतो साहेब. कालव्यात पूर तुमच्या खालचं जाजम ओढतो.

पेशकार : हा तुमचा देशी ढिसाळपणा. विलायतेत—

पाटकरी : विलायतेत कालवे फुटत नाहीत?

पेशकार : (किंचित चपापून) एक प्रकरण माझ्या वाचनात आहे खरे. २०१८ च्या मार्चात, इंग्लंडात मिडलविचजवळ, एका शाखा कालव्याचा भराव तुटला आणि वीसहून अधिक होड्या अडकून पडल्या. तिकडे चढउतारासाठी जलपाश असतात. दोन दरवाजांमधली कोठी भरावयाची, रिकामी करावयाची, आणि होडी पायरी चढल्यागत वर-खाली न्यावयाची. त्या दरवाजांच्या पाणी सोडण्याच्या झडपा कोणी तरी दोन्ही अंगांनी उघड्याच ठेवून गेला, वरचे पाणी खाली येत राहिले, खालच्या टप्प्यात ते मावेना, काठावरून सांडले आणि सांडता सांडता काठच घेऊन गेले, असे तेथील कालवा संस्थेने सांगितले.

पाटकरी : म्हणजे तिकडंही रात्री झडपा उघडणारे आहेत. आमच्याकडं डोंगळे टाकतात, पाइपनं पाणी पळवतात. पण त्यानं कालवा रिकामा होतो, फुटत नाही. त्या मानानं आमचे चोर सुसंस्कृत.

नावाडी : आणि पुण्याचा कालवा? तो त्याच साली फुटला ना, भाऊ?

पाटकरी : (खालच्या आवाजात) मामा, घरचं कशाला काढता!

पेशकार : काढू द्या, दप्तरी दाखल आहे. २७ सप्टेंबर २०१८ रोजी मुठा उजव्या कालव्याची भिंत दांडेकर पुलानजीक कोसळली, ऊन असताना रस्त्यांना नद्यांचे स्वरूप आले, झोपड्यांतली भांडीकुंडी वाहून गेली. आणि उंदीर, घुशी व खेकडे यांनी भिंत पोखरल्याचे कारण खुद्द जलसंपदा मंत्र्यांनी सांगितले. मला त्या वेळी एक प्रश्न पडला होता, की या प्राण्यांना कारणे दाखवा नोटीस कोणत्या पत्त्यावर बजावली असेल?

पाटकरी : आमच्या हद्दीत घुशी आहेत, खेकडेही आहेत. मी रोज भरावावरून चालतो ते बिळं बघतच. पण साहेब, मी एकटा आणि घुशी पुष्कळ. तुम्ही तिथं होडी घेऊन राहिलात आणि काही झालं, तर अहवालात पहिलं नाव माझं. म्हणून म्हणतो, नदीत राहा. नदीला पाटकरी नाही.

नावाडी : बघा! ह्यानं खरं कारण सांगितलं. आता माझंही सांगतो. तुम्ही नदीत राहिलात तर पुराच्या रात्री दोर सोडायला मलाच उठावं लागणार.

(येथे काही काळ कोणी बोलत नाही. परंतु ज्याने आयुष्यात शेकडो प्रकरणे ‘सद्यःस्थितीत कार्यवाही शक्य नाही’ या शेऱ्यानिशी जिवंत ठेवली, तो माणूस एवढ्याने आपले प्रकरण निकाली काढील, हे संभवनीय नव्हते.)

पेशकार : या गोदावरीनेच खाली आंध्रात जाऊन काय केले, ते तरी पाहा. धवळेश्वरला आर्थर कॉटनने बंधारा घातला, तो १८५२ साली पुरा झाला, आणि त्यातून जे कालवे निघाले ते शेतीला पाणी देत आणि मालाच्या होड्याही वाहत. तीच नदी, तेच पाणी! तेथे कालव्याने होडीला वाट दिली; आमच्या येथे आडव्या नियंत्रकाचे दरवाजे, ठेंगणे पूल, आणि मध्ये जलपाश एकही नाही. माझी होडी दोन दरवाजांमध्ये कोंडलेली राहील, हे मी मान्य करतो. परंतु कोंडलेले असणे म्हणजे निदान पत्ता कायम असणे.

नावाडी : पत्ता म्हणाल तर नदीत तोही नाही. गंगेच्या ह्या काठाला अंबड, त्या काठाला गेवराई. पूर आला, होडी मधल्या धारेच्या पलीकडं गेली, की तुम्ही बीड जिल्ह्यात.

पेशकार : (एकाएकी गंभीर होऊन) हा मुद्दा मात्र मूलगामी आहे. समजा, होडीचा नाळेकडचा भाग जालन्यात आणि वरवंड्याकडचा बीडमध्ये, आणि पंचनामा करावयाचा झाला, तर कोणत्या सज्जाच्या तलाठ्याने करावा? चूल एका जिल्ह्यात, अंथरूण दुसऱ्या! शिवाय, मी काय म्हणून मदत मागावी? कपडे-भांडी वाहून गेल्याबद्दल जी रक्कम मिळते तिला अट अशी, की घर दोन दिवसांहून अधिक काळ पाण्यात असले पाहिजे.

पाटकरी : तुमचं तर वर्षभर असेल. रोज पात्र.

पेशकार : मीच जर त्या मेजावर असतो, तर लिहिले असते : ‘अर्जदाराचे घर पाण्यावर आहे, पाण्यात नाही, पूर आला तेव्हा घर पाण्याबरोबर वर गेल्याने आत पाणी शिरले नाही, सबब अपात्र.’ मच्छीमाराची होडी मोडली तर वेगळी तरतूद आहे, पण मी मच्छीमार नव्हे. आणि कालव्याची गोष्ट याहून बिकट. तेथे आपत्ती काय, तर घराखालचे पाणी नाहीसे झाले! पाणी आल्याने झालेल्या नुकसानीसाठी शासनाचे नमुने आहेत. पाणी गेल्याने घर आडवे झाले, त्याला रकाना कोणता? ‘इतर’ हा रकाना मी स्वतः चाळीस वर्षांत कधी मंजूर केल्याचे मला स्मरत नाही.

नावाडी : मग साहेब, जमिनीवरच राहा की.

पेशकार : जमिनीचे नाव काढू नका. माझा निर्णय कालव्याच्या बाजूने होतो आहे. कारण नदीत मला कोणाकडे अर्ज करता येत नाही, कालव्यात येतो. पाटकरी, पाणी मागणीचा नमुना सात आण. होडीखाली पाणी ठेवावे, अशी विनंती.

पाटकरी : नमुन्यात पीक लिहावं लागतं साहेब. पिकाशिवाय पाणी नाही.

पेशकार : ऊस लिही. बारमाही आहे.

पाटकरी : धरणात तूट आली की पहिली काट उसालाच लावतात.

पेशकार : मग रब्बी ज्वारी.

पाटकरी : ज्वारीला दोन-तीन पाळ्या. मधले महिने होडी गाळात.

पेशकार : फळबाग लिही. मोसंबी. आपल्या जिल्ह्याची मोसंबी म्हटल्यावर अधिकारी सहसा नाही म्हणणार नाहीत.

पाटकरी : लिहितो. पण मोसंबीचं क्षेत्र किती दाखवू? होडीची लांबी-रुंदी गुंठ्यात बसत नाही. आणि मागची पाणीपट्टी थकलेली असली तर अर्ज घेत नाहीत. तुमच्या वडिलोपार्जित रानाची थकबाकी आहे. माझ्याच वहीत आहे ती, तुमच्या भावांच्या नावासमोर तुमचंही नाव आहे.

पेशकार : ते प्रकरण न्यायप्रविष्ट आहे.

नावाडी : साहेब, ऊन चढलं. पलीकडं सोडू का? जिल्हा बदलतो, पण तिकडच्या पाटकऱ्याजवळ तुमची वही नाही.

पेशकार : तिकडे कालवा कोणता?

नावाडी : उजवा. एकशे बत्तीस किलोमीटर.

पेशकार : (होडीत पाय ठेवीत) भाडे किती घ्याल?