दाणेदार बिबट्या
ताडोब्याच्या दुपारच्या सफारीत आमच्या मित्राला बिबट्या दिसला तो नेमका जिप्सी परतीला लागल्यावर, दिवेलागणीला. आयएसओ 12800. फोटोत बिबट्याचे ठिपके कुठले आणि कॅमेऱ्याचे कुठले, हे खुद्द बिबट्यालाही सांगता येणार नाही. गड्याने तो स्टॉक फोटो म्हणून विकायला काढला. 'नॉइज फार' म्हणून परत आला. मग दाणे पुसणारं सॉफ्टवेअर फिरवलं. दाणे गेले, सोबत मिशाही गेल्या; उरलं मेणाचं मांजर. तेही साभार परत. शेवटी कृष्णधवल करून 'मूड' आणला आणि शोधशब्द भरले: जंगल, रात्र, एकांत, नेतृत्व (हो, नेतृत्व!). एकदाचा एक खपला. हाती आले 25 सेंट. जिप्सी, गाइड, प्रवेशशुल्क वेगळं. घेणाऱ्याने तो छापलाय 'मांजर हरवले आहे' या पत्रकावर.