पाचपैकी सव्वासहा

गाण्याखाली लोक दोन-तीन शब्द टाकून निघून जातात, त्याला परीक्षण म्हणावं का, यावर आमच्या कुटुंबात दोन तट आहेत. 'अंगावर काटा.' 'काळजात घुसलं.' 'विषय लय हार्ड.' थोरल्या दादाच्या मते हा समीक्षेचा ऱ्हास आहे. दादा पुण्याला असतो, त्यामुळे ऱ्हास त्याला आमच्याआधी दिसतो. मी नेरूळला राहतो आणि रोज हार्बरने सीएसएमटीला जातो, म्हणून मी दुसऱ्या तटात.

सकाळच्या गाडीत सॅक पोटाशी, एक हात वरच्या कडीत, दुसऱ्यात फोन. गाणं निवडायचं ते जुईनगर यायच्या आत. सानपाड्याला अंगठा हलेनासा होतो आणि वाशीला तो अंगठा आपलाच आहे का, याचीही खात्री देता येत नाही. तेव्हा नेरूळ ते जुईनगर एवढ्या वेळात वाचून होईल ते परीक्षण. त्यापुढचं सगळं वाङ्मय.

वाङ्मयाबद्दल मला आदर आहे, गैरसमज नको. केशवराव भोळ्यांनी 'एकलव्य' आणि 'शुद्धसारंग' अशी टोपणनावं घेऊन गाण्यावर लिहिलं, ते आजही मन लावून वाचावं असं आहे. वामनराव देशपांडे तर पेशाने चार्टर्ड अकाउंटंट. त्यांनी १९६१ साली 'घरंदाज गायकी'त घराण्यांचा रीतसर ताळेबंद मांडला: किराणा स्वराच्या बाजूला, आग्रा लयीच्या बाजूला आणि जयपूर मधोमध, दोन्हींचा समतोल राखून. पुस्तक घरात हवंच. पण गोवंडीला दारात लटकलेल्या माणसाने जयपूरच्या समतोलाचं काय करायचं? त्याला स्वतःचाच राखायचा असतो.

शिवाय थोडक्यात मत देणं ही काही मोबाइलने आणलेली साथ नव्हे. लहानग्या नारायण राजहंसाचं गाणं ऐकून लोकमान्य टिळक 'बालगंधर्व' म्हणाले, ही कथा आपण सगळे ऐकत आलो आहोत. एका शब्दाचं परीक्षण, पण ते त्या मुलाला जन्मभर पुरलं, आणि उरलं त्यात पुण्याला एक रंगमंदिर झालं. टिळकांनी त्याऐवजी 'केसरी'त दोन रकाने लिहिले असते, तर रंगमंदिराला नाव काय दिलं असतं? पुढे रामभाऊ कुंदगोळकरांना अमरावतीच्या दादासाहेब खापर्ड्यांनी 'सवाई गंधर्व' म्हटलं. आजच्या हिशेबात बसवायचं तर पाचपैकी सव्वासहा तारे. कुठल्याही ॲपला हा आकडा पेलणार नाही. त्या एका शेऱ्याच्या नावाने पुण्यात १९५३ सालापासून महोत्सव भरतो, लोक शाली पांघरून जातात, आणि त्या गवयाचं खरं नाव विचारलं की निम्म्या श्रोत्यांना एकदम चहाची तलफ येते. नाव मागे पडलं, परीक्षण राहिलं. (नंतर छोटा गंधर्व आले, कुमार गंधर्व आले. शेरा एकदा खपला की त्याच्या आवृत्त्या निघतातच.)

दादा म्हणतो, ते म्हणणारे टिळक होते. बरोबर आहे. पण गोऱ्यांच्या देशात टिळक नसतानाही हे झालेलं आहे. १९८६ साली 'जीटीआर' नावाच्या ब्रिटिश बँडचा अल्बम आला. गिटार या शब्दाच्या इंग्रजी स्पेलिंगमधले स्वर गाळून त्यांनी आपलं नाव ठेवलं होतं. जे. डी. कॉन्सिडाइन या समीक्षकाने 'म्युझिशियन' मासिकात त्यावर तीन अक्षरांचं परीक्षण लिहिलं: एक अपशब्द, त्यातलाही स्वर गाळून. अल्बममध्ये स्वर सापडला नाही, हे याहून नेमकं कसं सांगणार?

आता उपयोग. छोट्या शेऱ्यातून गाणं कसं आहे हे कळत नाही, हे मी आधीच कबूल करतो. गाणं कुठे वापरायचं ते कळतं. 'ऐकता ऐकता पोळी करपली' असं कुणी लिहिलं की मला त्या गाण्याची सगळी कुंडली समजते, आणि ते गॅसजवळ लावायचं नाही हेही समजतं. 'रात्रपाळीला बरं आहे' हा शेरा रागाचं नाव सांगत नाही, पण वेळ सांगतो. रागाचं नाव सांगून पंडित तरी शेवटी तेच सांगतात. 'गाडी चालवताना नको' वाचल्यावर पामबीच रोडला मी निमूटपणे बातम्या लावतो. 'माझ्या वडिलांना फार आवडायचं' यात गाण्याचं वय, प्रकृती आणि लिहिणाऱ्याचं घर, तिन्ही आलं. यासाठी लेख लिहायला घेतला असता, तर लेखकाने पहिल्या परिच्छेदात आपल्या गुरूंना आणि दुसऱ्यात आपल्याला बसवलं असतं. वडिलांना जागा उरली नसती.

सगळेच शेरे कामाचे असतात असं नाही. 'या वर्षी कोण कोण ऐकतंय?' हे परीक्षण नव्हे, ही शिरगणती. देशाची २०२१ ची जनगणना लांबली, पण जुन्या गाण्यांखालची दर जानेवारीत न चुकता होते. आणि 'छान' या शेऱ्याचा कस तो कोणी दिला यावर ठरतो. आमच्या सौभाग्यवतींनी म्हटलं तर गाणं खरंच छान असतं. गायकाच्या मावसभावाने म्हटलं तर फक्त लग्नकार्यातले संबंध चांगले आहेत एवढंच सिद्ध होतं. वाईट शेरे मात्र हल्ली भेटत नाहीत. नोव्हेंबर २०२१ मध्ये यूट्यूबने नापसंतीचे आकडे लोकांना दाखवणं बंद केलं, तेव्हापासून जगात बेसूर कोणी उरलेलंच नाही.

नवी मुंबईकराला या विषयात अधिकारवाणीने बोलता येतं, कारण जगातले मोठे कलावंत आमच्या दाराशी येऊन गातात. डी. वाय. पाटील स्टेडियम आमच्या नेरूळलाच. डिसेंबर २०१९ मध्ये यू-टू आले. जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्ले आले, १८, १९ आणि २१ तारखेला. ज्यांनी हजारो रुपये मोजले त्यांनी रोषणाईवर पानंच्या पानं लिहिली. आम्ही गॅलरीत बसून फुकट ऐकलं आणि सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं.

'आवाज येतोय.'

'आमच्याकडे नाही.'

'बी विंगला स्पष्ट.'

तीन शेरे, सात शब्द. ध्वनिशास्त्राचा नकाशाच तयार झाला, आणि बी विंगच्या भाड्याविषयी बोलणी सुरू झाली ती वेगळीच. तळमजल्यावरच्या काकूंनी लिहिलं, 'शब्द कळत नाहीत, पण मुलगा गुणी वाटतो.' ख्रिस मार्टिनवर आजवर जेवढं लिहिलं गेलं, त्यात एवढं आपुलकीचं माझ्या वाचनात नाही. कुणीतरी विचारलं, 'उद्या पण आहे का?' ही तक्रार की आशा, हे शेवटपर्यंत उलगडलं नाही. २० तारखेला मात्र त्याच गृहस्थांनी 'आज का नाही?' असं विचारलं. आणि त्या आठवड्यातला सर्वांत उपयोगी संगीतविषयक मजकूर कोणता म्हणाल, तर 'सायन-पनवेल हायवेने येऊ नका.'

जुने जाणकार म्हणतात, दाद समोरासमोर द्यावी, समेवर द्यावी, नीट अंतःकरणातून द्यावी. खरं आहे. वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात गाण्याचा कार्यक्रम असला की आमच्या ओळखीचे एक काका हमखास पुढच्या रांगेत असतात. त्यांचं 'वा' समेच्या जरा आधी येतं. गायक तिथे पोचायचा असतो, काका पोचलेले असतात. आगाऊ नोंदणी केलेली दाद म्हणा. पण मी पाहिलंय, गायकाला ती आवडते. आता तिथे जाणं भागच आहे म्हटल्यावर तोही झटकन येतो. एवढा परिणाम कुठल्या रविवार पुरवणीने साधलेला मला माहीत नाही.

मागच्या कार्यक्रमात मध्यंतराला काकांना गाठलं. म्हटलं, "काका, पूर्वार्ध कसा वाटला?" काकांनी आधी उपाहारगृहाकडे नजर टाकली, मग माझ्याकडे.

"वडा घेऊन टाक. रांग वाढतेय."

घेतला. गरम होता.