उतरतोय हो!

आमच्याकडे घराबाहेर पडणाऱ्याला 'कुठं चाललास?' असं विचारू नये म्हणतात. आणि कुणी विचारलंच तर खरं सांगू नये, हे मात्र न म्हणताच सगळे पाळतात. संगमेश्वरच्या एसटी स्टँडवर दोन बॅगा आणि फणस घेऊन उभा असलेला माणूससुद्धा 'हा असाच, जरा खालपर्यंत' म्हणतो आणि पहाटे परळला उतरतो. अशा गावात अठ्ठावन्न वर्षं काढलेल्या मला पुण्याचा भाचा भर सड्यावर उभं करून सांगत होता, "मामा, इथे काहीही करायच्या आधी मोठ्यानं ओरडायचं. उडवतोय! उतरतोय! मोटर बंद पडली! सगळ्यांना ऐकू गेलं पाहिजे."

"सगळ्यांना म्हणजे कुणाला?" मी विचारलं. सड्यावर आम्ही दोघं होतो आणि तीन म्हशी.

"येतील," भाचा म्हणाला. पुण्यात राहूनही पोराला कोकण कळतं.

तो मे महिन्याच्या सुट्टीत रिमोटवर उडणारं विमान घेऊन आला होता. फोमचं, पावणेपाच फुटी पंखांचं, वजन एक किलोच्या जरा आत. शास्त्री आणि सोनवीच्या संगमावर वसलेल्या आमच्या गावाला सपाट जागा म्हणून नाही. सपाट ते सगळं वर, सड्यावर. तिथे मैलभर जांभा कातळ. दहाच्या आत वारा पडलेला असतो, अकराला तो खाडीकडून चढायला लागतो. भाच्याने आदल्या रात्री मोबाइलवर सरकारी नकाशा उघडून सडा हिरव्या पट्ट्यात येतो हे पाहून ठेवलं होतं. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे हिरव्यात ४०० फुटांपर्यंत मोकळीक. मग त्याने चालत जाऊन कातळही तपासला. रत्नागिरीच्या सड्यांवर हजारो वर्षांपूर्वी माणसांनी मासे आणि हत्ती कोरून ठेवलेत, त्यांच्यावर आपली चाकं घासू नयेत म्हणून. इतकी काळजी आमच्या आळीत जावई येताना घेत नाहीत.

पंधरा मिनिटांत अकरा माणसं जमली. ती कुठून येतात हे मला जन्मभर कळलेलं नाही.

भाच्याने चुन्याची फक्की मारली. प्रेक्षक रेघेच्या मागे, विमान कायम पुढे, डोक्यावरून कधीच नाही. नियम सोपा, पण फक्की पाहिली की आमच्या माणसाचा पाय आपोआप ओलांडायला उचलतो. लहानपणापासून कबड्डी खेळलेला गाव हा. रेघेपलीकडे जाऊन कुणाला तरी शिवून आल्याशिवाय गुण मिळत नाही, एवढंच ठाऊक. शेजारचे आप्पा तर सरळ चालत विमानापाशी गेले आणि पंख्याला बोट लावू लागले.

"आप्पा, हात!" भाचा किंचाळला. मग त्याने हिशेब सांगितला. दहा इंची पंखा मिनिटाला आठ हजार फेऱ्या घेतो तेव्हा त्याचं टोक ताशी पावणेचारशे किलोमीटरने पळत असतं. विजेची मोटर पेट्रोलच्या इंजिनासारखी गुरगुरून इशारा देत नाही. बॅटरी जोडली आणि रिमोटची काठी चुकून जरा वर राहिली की थेट फिरते. म्हणून पंख्याच्या समोर नाही, बाजूला त्याच्या रेषेतही नाही, मागेच उभं राहायचं. मी आप्पांना आमच्या भाषेत समजावलं, "२०२३ ला वंदे भारत सुरू झाली तेव्हा संगमेश्वर रोडला थांबली का? तसा हा. तुमच्या बोटासाठी थांबणार नाही." आप्पा तत्काळ मागे सरले. थांब्याचा विषय आमच्याकडे दुखरा आहे.

मागे सरून ते काही गप्प बसले नाहीत. "मी सांगतंव तुला," ते म्हणाले, "१८९५ साली तळपद्यांनी गिरगाव चौपाटीवर विमान उडवलं, तेव्हा कुठली फक्की मारलीवती?" त्या उड्डाणाचा भक्कम पुरावा आजवर कुणाला दाखवता आलेला नाही, असं भाचा बोलून गेला. ही मात्र त्याची चूक. पुढचा अर्धा तास विमान जमिनीवर आणि वाद हवेत.

तेवढ्यात मी रिमोट न्याहाळून घेतला. आधी रिमोट चालू, मग विमानाची बॅटरी. आवरताना आधी बॅटरी काढायची, रिमोट शेवटी. शिमग्यातल्या पालखीसारखंच. उचलणारे देवाच्या आधी हजर, आणि देव देवळात गेल्यावरच मोकळे. आता रिमोट आणि विमान यांची गाठ एकदा मारून दिली की दुसऱ्याचा रिमोट आपल्या विमानाला भुलवू शकत नाही. पूर्वी मोजकेच चॅनेल असत. मैदानावर एक फळी, तिच्यावर चॅनेलचे आकडे घातलेले कपड्यांचे चिमटे. ज्याच्याकडे चिमटा त्यानेच रिमोट चालू करायचा. दोघांनी एकाच चॅनेलवर चालू केला की हवेतलं विमान दगडासारखं खाली. एका विहिरीवर दोन भावांचे दोन पंप बघितलेल्या माणसाला हे फोड करून सांगावं लागत नाही.

बॅटरीचे लाड वेगळेच. लिथियमची, पूर्ण भरली की दर सेलला ४.२ व्होल्ट, नुसती ठेवायची तर ३.८ च्या आसपास. उन्हात गाडीत विसरायची नाही, फुगली तर वापरायची नाही, आणि चार्ज होताना पेट घेतलाच तर घर वाचावं म्हणून मातीच्या भांड्यात ठेवायची. आमच्या हिने बांगड्याच्या तिखल्याची तवली भाच्याला दिली खरी, पण पुढे चार दिवस 'तुमची बॅटरी शिजली का?' असं विचारत राहिली.

आठव्या दिवशी भाच्याने रिमोट माझ्या हातात दिला. विमान दूर जातं तोवर सगळं सरळ. ते वळून तोंड आपल्याकडे करतं तेव्हा डावं उजवं होतं. यावर भाच्याचा तोडगा असा: जो पंख खाली झुकेल त्याच बाजूला काठी न्यायची, कललेल्या फांदीला टेकू देतो तशी. मी फांदी आठवत होतो. पण मागून अकरा जण एकदम 'उजवीकडं!', 'आवो डावीकडं!', 'वर घ्या!' सांगायला लागले. वैमानिकाशी बोलायचं ते एकट्याने आणि हळू, हा नियम आम्ही पहिल्याच दिवशी ऐकला होता. तेव्हा सगळ्यांनी माना डोलवल्या होत्या.

विमान सड्याच्या कडेला गेलं, कललं. भाचा म्हणाला, "मोटर बंद कर आणि ओरड!" मोटर बंद केली. ओरडणं मात्र जमेना. अठ्ठावन्न वर्षांची सवय घशात आडवी आली. आपण कुठे उतरतोय हे चारचौघांत सांगायचं? विमान गुपचूप कडेखालच्या हापूसच्या बागेत गेलं.

पडलेलं विमान शोधायचीही रीत आहे. ते दिसेनासं झालं तिथली खूण धरायची आणि सरळ रेषेत चालत जायचं. पण मे महिन्यात दुसऱ्याच्या आंब्याच्या बागेत, वर बघत, सरळ रेषेत चालणारा माणूस कसा दिसतो, हे त्या रीतीत कुणी धरलेलं नाही. चौथ्या कलमाखाली नेपाळहून आलेला राखणदार काठी घेऊन उभा होता. त्याच्यामागे मालक.

"इकडे कुठं?" मालकाने विचारलं.

"हा असाच," माझ्या तोंडून गेलं, "जरा खालपर्यंत."

मालकाने माझ्याकडे पाहिलं, मग शेंड्याकडे. तिथे पांढरा पंख लटकत होता. काही न बोलता त्याने खोपटातून झेला आणला. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा, देठासकट फळ काढून जाळीत घेणारा. बांबू वर चढवला, पातं फांदीला लावलं आणि थांबला. वर सड्याच्या कडेवर अकरा डोकी रांगेत, या वेळी बरोबर रेघेमागे.

"वरडा आता," मालक म्हणाला.

मी ओरडलो. विमान आलं, त्याच्यामागून तीन आंबे. आंबे त्याने मोजून ठेवून घेतले.