फॉलोअर विकणाऱ्या साहेबांस खुले पत्र

प्रति,
‘तीन महिन्यांत दहा हजार फॉलोअर’ अशी हमी देणारे साहेब,



आमच्या शेजारच्या काकू मुलुंड पूर्वेला घरी फराळ करून विकतात. त्यांचं इन्स्टाग्राम तुमच्याकडे आहे आणि तुमच्या पॅकेजचे पैसे त्या दरमहा न चुकता भरतात. परवा त्यांच्या भाजणीच्या चकलीच्या फोटोखालच्या कमेंट वाचल्या. ओळीने ‘नाइस पिक डिअर’. लिहिणाऱ्याचा फोटो नाही, स्वतःची एक पोस्ट नाही, नाव म्हणजे नुसते आकडे. यातलं कोण मुलुंडला येऊन पाव किलो कडबोळी नेणार आहे?

हा धंदा मुंबईला नवा नाही. गायिका भूमी त्रिवेदी यांनी आपल्या नावाच्या बनावट खात्याची तक्रार केली, तेव्हा मुंबई पोलिसांनी जुलै २०२० मध्ये खोटे फॉलोअर विकण्याचा प्रकार उघडकीस आणून अटक केली होती. सगळं छापून आलं होतं. तरीही तुम्ही तोच माल एका कष्टाळू बाईच्या गळ्यात मारलात.

वर दिवाळीची जाहिरात अख्ख्या भारताला दाखवलीत. चकली वाटेत मोडते म्हणून काकू ठाण्यापलीकडे माल पाठवत नाहीत. मुलुंडवर पिन टाकून पाच-सात किलोमीटरचा घेर ठरवला असता, तर तेच पैसे भांडुप, नाहूर, ठाण्यात कामी आले असते. ती सोय तुम्हाला रोज डोळ्यांसमोर दिसते. वापरायची तर आधी काकूंना दोन प्रश्न विचारावे लागले असते.

नियोजन काकूंच्या ऑर्डरच्या वहीपासून सुरू व्हायला हवं होतं. परदेशातल्या मुलांना फराळ धाडणाऱ्या आया नवरात्रातच ऑर्डर देतात. सोसायटीतली मंडळी वसुबारस आली की जागी होतात. तुम्ही दरपत्रक टाकलंत धनत्रयोदशीला, काकूंनी ऑर्डर घेणं बंद केल्यावर!

व्हॉट्सअॅप बिझनेस २०१८ पासून फुकट मिळतं. त्यात फोटो आणि भावासह कॅटलॉग लावता येतो. एका ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण बसतात, पण ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय त्यांनाच निरोप पोचतो. म्हणून यंदा काकूंच्या पुतणीने प्रत्येक डब्यावर ‘नंबर सेव्ह करा’ अशी चिठ्ठी चिकटवली आणि प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला ‘कुठून कळलं?’ विचारून उत्तर वहीत लिहिलं. शेजारीण, भिशीचा ग्रुप, ऑफिसमधली मैत्रीण, अशी उत्तरं आहेत. तुमच्या दहा हजारांतलं एकही नाव नाही.

बोरिवली, घाटकोपर, अंधेरीत स्वयंपाकघराच्या ओट्यावर संसार उभा करणाऱ्या अशा असंख्य जणी आहेत. ऑनलाइनचं आपल्याला कळत नाही, या त्यांच्या धास्तीवर तुमचं दुकान चालतं. याची मला चीड येते.

काकूंचं पेज आजही तुमच्या ईमेलवर आहे. त्याचा पूर्ण ताबा, पासवर्ड आणि जाहिरातीवर खर्च झालेल्या पै-पैचा हिशेब आठ दिवसांत त्यांना द्या. आणि पुढच्या बाईकडे जाल तेव्हा तिचा माल कोण घेतं, कधी घेतं, कुठवर पोचतो, हे आधी विचारा. हे विचारायची तयारी नसेल, तर तिच्या घराची बेल वाजवू नका.

कळावे,
मुलुंड पूर्वेचा एक रहिवासी