पूर्ण नाव सांगा, आजी

नर्सिंगच्या कॉलेजात माझ्या प्रोसीजर बुकावर लाल शाईचा ठिपका नव्हता, आणि हे मी कुणी न विचारताही सांगत असे. वॉर्डात ते ऐकायला कुणालाच सवड नव्हती.

लोकांना वाटतं, नवी नर्स रक्ताला घाबरते. रक्ताचं काय, पुसता येतं. घाबरावं ते सिरिंजच्या टोपणाला. इन्सुलिनची लाल टोपणाची सिरिंज मिलीला ४० युनिटांची, नारिंगी टोपणाची १०० ची. १०० च्या इन्सुलिनला ४० ची सिरिंज लावून १० च्या रेघेपर्यंत ओढलं, की पेशंटच्या अंगात १० ऐवजी २५ युनिट जातात. हे एकदा डोक्यात बसलं की टोपण तीनदा बघितलं जातं, आणि आपण खरंच बघितलं का, म्हणून चौथ्यांदा. घरी जेवताना घास हातात राहायचा. गॅस बंद केला का, असं बायकांना एसटीत बसल्यावर आठवतं, तसं मला सलाईन आठवायचं. मग वॉर्डात फोन. “मामा, सात नंबरच्या आजींचं सलाईन बंद केलं होतं ना मी?”

“ताई, सात नंबरला आता दुसरं माणूस आहे. आजी दुपारीच घरी गेल्या. तुम्ही झोपा.”

ही सगळी भीती पेशंटच्या काळजीपोटी होती, असं म्हणायला मला आवडलं असतं. पण त्यातली निम्मी लाल शाईची होती. ५०० मिलीचं सलाईन ८ तासांत जायचं तर २० थेंबांच्या सेटला मिनिटाला २१ थेंब पडावे लागतात. मी घड्याळ धरून २१ च लावायची आणि कुणी बघतंय का, हेही बघायची. पाठ वळली की नातेवाईक चाक फिरवून धार लावायचे. “लवकर संपू दे की सिस्टर, आमची गाडी आहे.”

औषध देताना पाच गोष्टी तपासायच्या असतात: माणूस, औषध, मात्रा, मार्ग, वेळ. उरलेल्या चार पुस्तक वाचून येतात. माणूस ओळखणं हे मात्र आपल्याकडे वेगळंच शास्त्र आहे. बेड नंबरवर विसंबायची सोय नाही, कारण पंख्याखालचा बेड रिकामा झाला की रातोरात स्थलांतर होतं. आडनावाने हाक मारावी तर ‘पाटील’ म्हटल्यावर तीन डोकी वर होतात. “तुम्ही शांताबाई ना?” असं तर विचारूच नये. सिस्टरला नाही कशाला म्हणायचं, म्हणून कुणीही बाई “हो बाई” म्हणते. माणसाकडूनच पूर्ण नाव वदवून घ्यायचं, असा नियम आहे. मी तो पाळायला गेले.

“आजी, पूर्ण नाव सांगा.”

“लक्ष्मी.”

“पुढे?”

आजींनी पदर तोंडाला लावला. पुढे नवऱ्याचं नाव होतं. “तुमच्या कागदावर असंल की.”

“कागदावर आहे, पण तुम्ही सांगायचं.”

शेजारच्या बेडवरून सूचना आली, “म्हातारे, उखाणा घे!” समोरच्या बेडवरची, दुपारी कण्हत होती ती बाई उठून बसली. मावशींनी पोछा भिंतीला टेकवला. रात्री दहाचं इंजेक्शन माझ्या हातात, आणि आजी यमक जुळवतायत. मग एकदम लाजत म्हणाल्या,

“सिस्टरच्या हाती सुई, पोटात माझ्या गोळा,
नामदेवरावांचं नाव घेते, आता लागू दे डोळा!”

नाव केसपेपरशी जुळलं. टाळ्या पडल्या. त्या गडबडीतही मी डोस पुन्हा बघितला, पण आजींच्या पोटातही गोळा होता, हे तोवर मला सुचलंच नव्हतं. मी माझ्याच गोळ्यात गर्क होते.

एक मात्र बोलतेच. अध्यापन रुग्णालयात ३ खाटांमागे १ नर्स असावी, असं इंडियन नर्सिंग कौन्सिलचं प्रमाण आहे. रात्री अख्ख्या वॉर्डाला आम्ही दोघी. पेशंट बरा झाला तर डॉक्टरांच्या हाताला गुण, सलाईनचा हात सुजला तर “सिस्टर, काय केलंत?” १२ मेला नाइटिंगेलबाईंच्या जयंतीला गुलाबाचं फूल मिळतं. फूल नको, तिसरी सिस्टर द्या. थकलेल्या डोळ्यांना लाल आणि नारिंगी सारखंच दिसतं.

आमच्या इनचार्ज सिस्टर निवृत्तीला आलेल्या. इंजेक्शन भरायच्या वेळी त्या नेमक्या डोळे बारीक करायच्या. “अगं, मला काही दिसत नाही. बाटलीवर काय लिहिलंय, मोठ्यांदा वाच.” मी खणखणीत वाचायची. बिचाऱ्यांना माझाच आधार, असं मी घरी आईलाही सांगितलं होतं. आपण नसतो तर या वॉर्डाचं काय झालं असतं, असंही एकदा मनात येऊन गेलं.

आणि एका सकाळी त्याच बाईंनी दारातूनच, पार पलीकडच्या भिंतीवरचा ड्यूटीचा तक्ता वाचून माझी नाइट कधी आहे ते सांगितलं. तक्त्यावरची अक्षरं मुंगीएवढी.

“सिस्टर, तुम्हाला तर दिसतं!”

“दिसतं की.” त्यांनी बाटली माझ्यापुढे धरली. “वाच. काल एक्सपायरी गिळलीस.”